खमरियातला दिवाळसण

दिवाळसण करायचा तो मुलीच्या आईबापांनी. जावई सासुरवाडीला जातो, पाटावर बसतो, त्याला तेल लागतं, उटणं लागतं, नवे कपडे मिळतात आणि तो उगाचच आढ्यतेने 'काही नको, काही नको' म्हणतो. माझ्या धाकट्या दिराचं लग्न वैशाखात झालं होतं आणि त्यांचा दिवाळसण अमरावतीला ठरला होता. पण ऐन वेळी चीनने लढाई काढली. जबलपूरजवळच्या खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतल्या सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. अमरावतीला निरोप गेला की जावई येऊ शकत नाही, आणि पुण्याला आम्हाला निरोप आला की तुम्हीही येऊ नका, इथे काही सण होणार नाही.

हे वाचून आमच्या ह्यांना भरून आलं. त्यांना वर्षातून एकदा भरून येतं आणि मग ते कुणाचं ऐकत नाहीत. "आईबाप नाहीत पोराला. आपणच दिवाळसण करू. चल," म्हणाले. मीही लगेच तयार झाले. त्याला कारण होतं. जबलपूर आम्ही सोडलं ते माझ्या हट्टापायी.

माझं माहेर पुण्याचं. लग्न होऊन मी खमरियाच्या क्वार्टरमध्ये आले आणि पहिल्या दिवसापासून माझं त्या गावाशी जमलं नाही. उन्हाळा असा की माठातलं पाणीही कोमट लागायचं. भाजीवाली हिंदीत बोलायची, शेजारीण हिंदीत बोलायची, आणि घरातली माणसं मराठीत सुरुवात करून हिंदीत वाक्य संपवायची. फॅक्टरीचा भोंगा झाला की अख्खी वसाहत उठायची, भोंगा झाला की जेवायची. मी यांच्यामागे भुणभुण लावली. शेवटी यांनी पुण्याजवळ एका खाजगी कारखान्यात नोकरी धरली आणि आम्ही निघालो. धाकटा भाऊ मागे राहिला. त्याला यांनीच फॅक्टरीत चिकटवला होता, स्वतःच्याच विभागात, फिलिंगमध्ये. तोफगोळ्यांत दारू भरतात तिथे. भावाला तिथे बसवून हे स्वतः मोकळे झाले, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही. पण मला ते न म्हणताही ऐकू यायचं.

म्हणून मी पुण्याहून डबे भरभरून फराळ नेला. चकल्या, अनारसे, चिरोटे. दिराला कुर्ता, जावेला साडी. इटारसीला गाडी बदलताना अनारशांचा डबा खाली पडला तेव्हाही मी यांच्यावर खेकसले नाही, यावरून माझी मनःस्थिती ओळखावी.

भाऊजी स्टेशनवर आले नव्हते, ड्यूटी होती. क्वार्टरवर पोचलो तेव्हा जाऊ दारात उभी होती. एकोणीस-वीस वर्षांची, अंगाने बारीक, डोक्यावर पदर. तिने आमच्या मुलीला आधी उचललं आणि मग मला वाकून नमस्कार केला. घर तेच होतं, आमचंच. भिंतीवर माझ्या हातचे तेलाचे डाग अजून होते. आणि दारामागे पूर्वी यांचा कोट असायचा त्याच खुंटीवर भाऊजींचा बदलीचा खाकी कोट होता, खिसे उलटे करून बाहेर काढलेला.

या खिशांबद्दल सांगायला हवं. फिलिंगमध्ये काम करणाऱ्याच्या घरी कामाचा कोट वेगळ्या खुंटीवर असे आणि त्याला तो स्वतः आणि त्याची बायको सोडून दुसऱ्या कुणी हात लावत नसे. संध्याकाळी घरी आलं की माणूस दोन्ही खिसे उलटे करून बाहेर सोडायचा. दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखे ते रात्रभर लोंबत राहायचे. सकाळी निघताना हाताने चाचपून ते आत सारायचे. खिसा आत सारलेला असला म्हणजे तो तपासलेला आहे, असा त्याचा अर्थ. कारण आत विडी, काडी, खिळा, नाणं, काही चालत नाही. आतल्या गेटवर दरबान तलाशी घेतो, आणि काडेपेटीचं नाव काढलं तरी तिथे माणसाचा चेहरा बदलतो. ते बरोबरच आहे. तिथे एका काडीने किती घरं बसतील हे खमरियातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी नवी नवी असताना या लोंबत्या खिशांना हसले होते, तेव्हा हे माझ्यावर असे ओरडले होते की मी दोन दिवस बोलले नव्हते.

भाऊजी संध्याकाळी सायकलवरून आले. वाळले होते, पण खुशीत होते. लढाई सुरू झाल्यापासून जास्तीच्या पाळ्या चालू होत्या. शेजारच्या घरी रेडिओ होता, त्यावर नेफाच्या सरहद्दीवरच्या, जिथे लढाई चालली होती तिथल्या, न ऐकलेल्या गावांची नावं यायची आणि ती ऐकायला खिडकीखाली सगळी वसाहत जमायची. "दादा, आपण भरून राहिलो तेच तिथं जाते," भाऊजी यांना सांगत होते. "आता वाटते की काही काम करून राहिलो." हे मान डोलवत होते. पुण्याच्या कारखान्यात हे काय बनवत होते ते भाऊजींनी विचारलं, तेव्हा हे "पंपाचे भाग" असं पुटपुटले आणि मुलीच्या वेणीशी खेळत बसले.

नरकचतुर्दशीला आम्ही पहाटे उठलो. भाऊजींची पाळी सकाळची होती, त्याआधी सगळं उरकायचं होतं. मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. दिराला आणि जावेला शेजारी बसवलं. मी तिला तेल लावलं, यांनी भावाला लावलं. बाप जसा लावील तसं, डोक्यावर थापट्या मारत. भाऊजी "दादा, हळू, टाळू फुटंन" म्हणून हसत होते. जाऊ हसता हसता रडायला लागली, तिला आईची आठवण आली असावी. मला त्या घटकेला फार बरं वाटलं. वाटलं, फिटलं थोडंफार.

आंघोळी चालल्या असताना हे बाहेर ओट्यावर पणत्या लावायला गेले. फटाके त्या वसाहतीत कुणी उडवत नसे, पणत्या मात्र दारोदार असत. बाहेर गारठा होता. यांची शाल पेटीत तळाशी होती. यांनी दारामागचा कोट काढून खांद्यावर टाकला.

मी ते बघितलं. बघून माझ्या मनात काहीही आलं नाही. पुण्यात दीड वर्ष काढल्यावर तो कोट मला कोटासारखा कोट दिसला. यांनाही तसाच दिसला. पुण्याला गेल्यावर हे सिगारेट ओढायला लागले होते, खिशात काडेपेटी टाकायची सवय हाताला लागली होती. वाऱ्याने पणत्या विझत होत्या, हे परत परत लावत होते. मग काडेपेटी खिशात टाकली. खिसा बाहेर लोंबत होता, तो आधी आत सारला असणार, त्याशिवाय काडेपेटी त्यात राहिलीच नसती. आत येऊन कोट खुंटीवर अडकवला. यांना यातलं काही आठवत नव्हतं. हात आपोआप करत गेला.

भाऊजींना उशीर होत होता. त्यांनी उभ्याउभ्या चकली तोंडात टाकली, कोट घेतला. एक खिसा आत होता. घाईत बायकोने तपासून सारला असेल असं त्यांना वाटलं. दुसरा त्यांनी स्वतः चाचपून आत सारला. सायकल काढली आणि गेले.

दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा ते परत आले. पाळी सुटायला अवकाश होता. हातपाय धुतले, आमच्याकडे न बघता पाटावर बसले. "अच्छा, श्रीखंड केलं," म्हणाले. मग शांतपणे सांगितलं की गेटवर खिशात काडेपेटी निघाली, सकाळभर बसवून ठेवलं, साहेबांनी विचारलं, आणि फिलिंगमधून काढलं आहे. उद्यापासून गवत कापायच्या टोळीत. फॅक्टरीच्या आवारात गवत वाळलं की आगीची भीती असते, म्हणून ते कापायला रोजंदारीवरची माणसं असत. त्यांच्यात.

जावेच्या हातातली वाटी ताटात पडली. "मीनंच सारला असंन जी खिसा," ती म्हणाली. "सकाळी गडबडीत. मले आठवूनच नाही राहिलं. मीनंच न बघता सारला असंन." ती स्वतःला बोल लावत होती आणि रडत होती. भाऊजी तिला सांगत होते, "काहून रडून राहिली? झालं ते झालं."

मी यांच्याकडे बघितलं. यांचा घास हातातच होता. यांनी तो ताटात ठेवला, पाणी प्यायले, सगळं भांडं संपेपर्यंत प्यायले. आणि मग म्हणाले, "माझी होती ती."

भाऊजींच्या चेहऱ्यावर काय आलं असेल? राग आला असता तर मी आज हे लिहीत बसले नसते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. "मग बरं झालं," ते बायकोकडे वळून म्हणाले. "ऐकलं? तू नाही केलं." आणि यांना म्हणाले, "दादा, मी सांगून बसलो की माझीच आहे. दिवे लावले, राहून गेली. तुमचं नाव निघालं असतं तर गोष्ट वाढली असती. बाहेरून आलेला माणूस, लढाई चालू, त्याची माचिस आत. पुलिसवाले घरी आले असते. वहिनी, छोटी, सगळ्यांसमोर. चलो, जेवा आता."

आम्ही जेवलो. मी श्रीखंड वाढलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते मी त्या दुपारी प्रत्येक पानात वाढत होते.

दुसऱ्या दिवशी यांनी घरात कुणालाही न सांगता धोतर बदललं आणि फोरमनच्या बंगल्यावर गेले. फोरमन यांचे जुने वरिष्ठ, कडक पण सरळ माणूस. हे गेले आहेत हे मला त्यांच्या चपला दिसल्या नाहीत तेव्हा कळलं. मी ओट्यावर बसून राहिले. आता पोलीस येणार, यांना घेऊन जाणार, पुण्याची नोकरी जाणार, मुलीचं काय होणार, हे सगळं मनात येऊन गेलं. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की जाऊन सांगितलं ते बरं केलं, हा माणूस अजून माझ्या ओळखीचा आहे.

हे परत आले ते पाय ओढत. फोरमनने सगळं ऐकून घेतलं होतं. मग म्हणाले होते, "जो हो गया सो हो गया. अब तुम बोलोगे तो दो बयान होंगे, और दो बयान में लड़का झूठा पड़ेगा. अभी भूल है, फिर झूठ हो जाएगा. घर जाओ." आणि दारापर्यंत पोचवायलाही आले होते.

मला हायसं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण आधी हायसं वाटलं, आणि भाऊजींची आठवण त्यानंतर झाली.

पुढे काही महिन्यांनी भाऊजींना परत फिलिंगमध्ये घेतलं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. नोकरी गेली नाही, पोलीस आले नाहीत. यांनी जाऊन खरं सांगितलं होतं आणि ज्याला अक्कल होती त्याने गप्प बसायला सांगितलं होतं. एवढ्यावर माणसाने स्वतःला माफ करायला हरकत नसावी. आम्हीही केलं असतं. पण सण अजून संपला नव्हता.

पाडव्याला मी आणि जावेने फराळाची ताटं भरली आणि शेजारी पाठवली. त्या वसाहतीत मराठी, हिंदी, बंगाली, मद्रासी, सगळी घरं होती आणि दिवाळीत ताटं सगळीकडे फिरत. दुसऱ्याच्या घरून आलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं, निदान साखरेची चिमूट तरी घालतात. हे सगळ्यांच्यात सारखं. त्या दिवशी आमची ताटं घासूनपुसून, रुमालाने झाकून, रिकामी परत आली. एकीकडून नाही, बहुतेक घरांतून. एका बाईने तर ओट्यावर ठेवलं आणि हाक न मारता गेली. लढाईच्या दिवसांत फिलिंगच्या गेटवर काडेपेटी सापडलेल्या माणसाचं घर होतं ते. जावेने रुमाल उचलला, खाली बघितलं, रुमाल परत ठेवला. एका शब्दाने मला बोलली नाही. ती भांडली असती तर मी तिचे पाय धरले असते. ती मला विचारत होती, "ताई, पुण्यात थंडी जास्त असते का जी?"

त्या संध्याकाळी शेजारी रेडिओ लागला तेव्हा भाऊजी खिडकीखाली गेले नाहीत. "ऐकून काय करू," म्हणाले. "तिथं लोक मरून राहिले आणि मी गवत कापून राहिलो." हसतच म्हणाले. हे तिथेच बसले होते. यांनी मुलीला गोष्ट सांगायला घेतली आणि मध्येच विसरले.

पाडव्याच्या रात्री सगळ्यांनी ग्वारीघाटाला जायचं ठरलं होतं, नर्मदेत दिवे सोडायला. ते कुणी पुन्हा काढलं नाही.

भाऊबीजेला आमची परतीची गाडी होती. भाऊजी अंधारातच कामाला निघाले. निघताना दोघांच्या पाया पडले. नवा कुर्ता घातला नव्हता, गवतात खराब होईल म्हणाले. यांना म्हणाले, "दादा, पुढच्या दिवाळीला असेच या. लढाई संपलेली असंन, मस्त करू." यांनी त्यांच्या पाठीवर नुसता हात ठेवला. मला वाटलं, ठीक आहे, भाऊ भावाला न बोलता समजतो.

उन्हं वर आल्यावर आम्ही वसाहतीच्या थांब्यावरून शहराची बस पकडली. जाऊ पोचवायला आली होती, तिने मुलीच्या हातात लाडवाची पुरचुंडी दिली. आम्हाला खिडकीजवळची जागा मिळाली. बस फॅक्टरीच्या कुंपणाच्या कडेने निघाली. पुढच्या थांब्यावर पाळी सुटलेली माणसं चढत होती, म्हणून बस थांबली. कुंपणाच्या आत, रस्त्याला लागूनच, गवत कापणारी टोळी बसली होती. डोक्याला फडकी बांधलेली, हातात विळे.

मुलीने आधी बघितलं. "काका! काका!" ती खिडकीतून ओरडली.

भाऊजींनी मान वर केली. उठले. विळा खाली टाकला, हात पँटला पुसत कुंपणाकडे आले. पळतच आले. तोंडभर हसत होते. त्यांना वाटलं असावं, दादा उतरतील, कुंपणाशी येतील, तारेतून हात तरी हातात घेतील. त्यांच्या मागे टोळीतले बाकीचेही उठून बघत होते. थांब्यावर चढणाऱ्यांतले काही जण फिलिंगमधले होते, यांच्या हाताखाली काम केलेले. एकाने यांना ओळखून नमस्कार केला आणि मग कुंपणापलीकडे भाऊजींकडे बघितलं, मग परत यांच्याकडे.

हे खाली वाकले. पायाशी पिशवी होती, तिचा बंद सोडला आणि बांधायला लागले. बांधला, सोडला, परत बांधायला लागले. टेरिलीनच्या शर्टाची पाठ तेवढी मला दिसत होती.

फोरमनकडे हे गेले होते ते एकटे, कुणी न बघता. इथे सगळे बघत होते. इथे काही कबूल करायचं नव्हतं, दोन बयान होणार नव्हते, भाऊजींचं काही बिघडणार नव्हतं. नुसतं उतरून भावाजवळ उभं राहायचं होतं, गवत कापणाऱ्या भावाजवळ, चार लोकांत. मी हे सगळं तेव्हाच समजले होते, नंतर सुचलेलं नाही. "अहो, उतरा" हे दोन शब्द माझ्या तोंडात आले होते.

पण मला गाडी चुकवायची नव्हती. आणि खरं म्हणजे गाडीला वेळ होता. त्या सगळ्या माणसांनी आमच्याकडे बघू नये एवढंच मला हवं होतं.

भाऊजी तारेपाशी हात वर करून उभे होते. मुलगी खिडकीतून अर्धी बाहेर आली होती. "काका, आम्ही इथे आहोत, इथे!" मी तिचा दंड धरला, तिला आत ओढलं आणि म्हणाले, "गप बस. तो काका नाही."